दोन इंच बर्फ आणि ठप्प झालेलं शहर : तुमच्याकडे काय करतात?

चांदणवेल
काल आमच्याकडे पुन्हा बर्फाचा इशारा आला. दुपारी दुकानात गेले तर दूध, अंडी, ब्रेड सगळं गायब. असा इशारा आला की मला २८ जानेवारी २०१४ आठवतोच.

त्या दिवशी अटलांटात पडला तो जेमतेम अडीच इंच बर्फ. दुपारी भुरभुर सुरू झाली आणि शाळा, सरकारी कचेऱ्या, खाजगी ऑफिसं, सगळ्यांनी एकदमच माणसं घरी सोडली. मी साडेबाराला निघाले. रोजचा रस्ता ४० मिनिटांचा. घरी पोचले दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला. संध्याकाळी सहापर्यंत गाडी किती सरकली असेल? दोन मैल. डब्यात सकाळचे थोडे पोहे उरले होते, ते रात्री नऊला खाल्ले, तेही मोजून चार चमचे, कारण पुढे किती वेळ जाणार ते माहीत नव्हतं. शेवटी एका चढावर पुढचा ट्रक आडवा झाला. मग गाडी कडेला लावली, दुकानाच्या दोन प्लास्टिक पिशव्या मोज्यांवरून बांधल्या आणि शेवटचे तीन किलोमीटर चालत आले.

लेक तेव्हा दुसरीत होती. शाळेची बस निघालीच नाही, त्यामुळे पोरं रात्रभर शाळेत. व्यायामाच्या गाद्यांवर झोपली. बाईंनी स्वतःची शाल आमच्या पोरीला पांघरली होती. सकाळी तिने पहिली बातमी दिली ती अशी : "आई, आमच्या बाई पायजमा न घालताच झोपल्या, शाळेच्याच कपड्यांत!" त्या बाईंना मी आजही दर दिवाळीला फराळ पाठवते.

नंतर गव्हर्नरांनी माफी मागितली, चौकश्या झाल्या. पण माझा प्रश्न तसाच आहे. जिथे पाच-सात वर्षांतून एकदा बर्फ पडतो तिथे शहराने तयारी ठेवावी ती किती? आणि तुमच्या देशात, तुमच्या गावात काय करतात? अनुभव लिहा.

रानवारा
आम्ही मॉन्ट्रियलमध्ये, हे आमचं सतरावं वर्ष. इथे वर्षाला साधारण दोन मीटर बर्फ पडतो, त्यामुळे "कधीमधी" हा शब्द आम्हाला लागू नाही. पण काय करतात ते सांगण्यासारखं आहे.

बर्फ रस्त्याच्या कडेला ढकलणं हा नुसता पहिला टप्पा. खरी गंमत त्यानंतर. रस्त्यावर नारिंगी पाट्या लागतात, या बाजूला अमुक ते अमुक वेळ गाडी लावू नका. वेळ झाली की टो-ट्रक सायरन वाजवत गल्लीतून फिरतो. तो विशिष्ट आवाज ऐकला की माणसं जेवणाच्या ताटावरून उठून, अंगावर जॅकेट टाकून गाडी हलवायला धावतात. मग एक मोठा ब्लोअर येतो, बर्फ गिळतो आणि शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये कारंज्यासारखा उडवतो. एक ट्रक भरला की मागचा लगेच त्याच्या जागी. शहरातल्या फ्रँकॉन नावाच्या जुन्या दगडखाणीत हा बर्फ नेऊन टाकतात. तो डोंगर उन्हाळ्यातही पूर्ण वितळत नाही, वरून धुळीने काळा होतो आणि आत बर्फ तसाच.

पण चांदणवेल, हे सगळं दर वर्षी लागतं म्हणून आहे. तुमच्याकडे हे आणून ठेवलं तर गंजेल.

बोरकूट
बाईंच्या शालीबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आलं.

ठाणेकर
चांदणवेल, तुमचं वर्णन वाचताना मला बर्फ दिसलाच नाही, मला २६ जुलै २००५ दिसली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. तो पाऊस कुठल्याच गटारात मावला नसता हे खरं. पण दुपारी तीनला सगळं मुंबई शहर एकाच वेळी घराकडे निघालं आणि तिथेच अडकलं. मी कुर्ल्याहून ठाण्याला रुळांवरून चालत आलो. जे ऑफिसातच थांबले ते दुसऱ्या दिवशी कोरडे घरी गेले.

म्हणजे अडचण बर्फाची की पावसाची ही नाहीच. सगळ्यांना एकाच क्षणी सोडलं ही आहे.

घाटमाथा
@ठाणेकर, अर्धंच पटतं. लोकांनी घाई केली असं म्हणून सगळं लोकांवर ढकलायला नको. अटलांटात रस्त्यावर आधी बर्फ वितळवणारं मीठ पडलं असतं तर ट्रक आडवे झालेच नसते. नुकत्या पडलेल्या बर्फावरून शेकडो चाकं गेली, त्या उष्णतेने थर वितळला, वरून पारा उतरत गेला आणि सगळ्याची काच झाली. गाड्या रस्त्यावर अडकल्यावर मिठाचा ट्रक पोचणार कुठून? तो त्याच रांगेत मागे उभा. तहान लागल्यावर विहीर खणायची हा प्रकार.

आणि बर्फ म्हणजे फक्त रस्ते नाहीत. मी टेक्सासमध्ये राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये आमच्या घरात सत्तर तास वीज नव्हती. आमच्याकडे घरं बांधतात ती उन्हाळ्यासाठी. पाण्याचे पाइप माळ्यावरून नेलेले, त्यांना धड आवरण नाही. गॅसच्या विहिरी आणि नळ्या गोठल्या, गॅस नाही म्हणून वीजकेंद्रं बंद, वीज नाही म्हणून गॅसचे पंप बंद. टेक्सासचं ग्रिड बाकीच्या देशापासून जवळजवळ वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याकडून उसनी वीज येणार ती नाममात्र. संपूर्ण ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, हे नंतर कळलं. सरकारी आकड्याप्रमाणे २४६ माणसं गेली, त्यातली बरीचशी थंडीने, स्वतःच्या घरात.

तिसऱ्या दिवशी माळ्यावरचा पाइप फुटला. छत फुगलं आणि पोपडा सोलावा तसं खाली आलं. बायकोने पुरणाचं मोठं पातेलं बाहेर नेऊन बर्फाने भरलं, शेगडीवर वितळवलं, ते पाणी संडासात वापरायला. शिगोशिग भरलेल्या पातेल्यातून वितळल्यावर निघतं जेमतेम दोन तांबे पाणी. असं किती वेळा करणार?

बोरकूट
@घाटमाथा, बापरे. पाइप फुटू नये म्हणून आधी काय करता येतं?

घाटमाथा
नळ बारीक धारेने चालू ठेवायचा. थेंब थेंब नव्हे, पेन्सिलच्या शिशाएवढी सलग धार. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले नळ आधी. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकायची म्हणजे घरातली ऊब पाइपला लागते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे तो आजच बघून ठेवा. मला तो टॉर्चच्या उजेडात शोधायला वीस मिनिटं लागली, तोवर दिवाणखान्यात घोटाभर पाणी.

सुरंगी
जर्मनी, श्टुटगार्ट. इथे बरीचशी तयारी माणसाच्या अंगावर टाकलेली आहे. रस्त्यावर बर्फ किंवा निसरडं असेल तर हिवाळी टायरशिवाय गाडी काढायची नाही, हा २०१० पासून स्पष्ट कायदा. "ओ ते ओ" म्हणतात, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, ईस्टरपर्यंत हिवाळी टायर. साध्या टायरचं रबर थंडीत कडक होतं, हिवाळी टायरचं मऊ राहतं, म्हणून पकड. ऑक्टोबरमध्ये गॅरेजच्या बाहेर टायर बदलणाऱ्यांची ही रांग असते.

दुसरं, घरासमोरचा फुटपाथ साफ करणं ही घरवाल्याची जबाबदारी, आणि भाडेकरारात लिहिलं असेल तर भाडेकरूची. साधारण सकाळी सातपर्यंत झालेलं असलं पाहिजे. कुणी घसरून पडलं तर भरपाई मागू शकतो. आमच्या इमारतीत जिन्यात पाटी फिरते. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा आठवडा. माझ्या पहिल्या हिवाळ्यात पाटी माझ्या दारावर होती. पहाटे पावणेसहाला खालच्या मजल्यावरच्या ऐंशीच्या आजींनी बेल वाजवली, हातात स्वतःचं फावडं. म्हणाल्या, तुमच्याकडे हे नसेल असं वाटलं. मग उभ्या राहून दाखवलं, कंबर न वाकवता गुडघ्यातून कसं ढकलायचं. ते मी अजून तसंच करते.

अर्थात इथेही फजिती होते. नोव्हेंबर २००५ मध्ये म्युन्स्टरलांड भागात ओला जड बर्फ तारांना चिकटून विजेचे मनोरे मोडले, सुमारे अडीच लाख माणसं अंधारात, काही तर कित्येक दिवस.

पिंपळपान
यूकेतून. आमच्याकडे चार सेंटिमीटर पडला की शाळा बंद, आणि घराघरात पोरं खिडकीला नाक लावून बसतात. १९९१ मध्ये रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी खुलासा केला होता की हा बर्फ वेगळ्या प्रकारचा आहे. देश आजही त्यावरून हसतो. पण खरं सांगू, ते चूक नव्हतं. नेहमीचा इथला बर्फ ओला, जड. त्या वर्षीचा कोरडा आणि पिठासारखा बारीक, तो थेट इंजिनाच्या विजेच्या मोटरींमध्ये शिरला. पोळीच्या कणकेत आणि भाकरीच्या पिठात जो फरक, तोच. एकाच हाताने दोन्ही होत नाहीत.

इथे मुख्य भरवसा मिठावर. चेशरमध्ये जमिनीखाली मोठी खाण आहे, तिथलं तपकिरी खडेमीठ. ट्रक संध्याकाळीच फिरतात, बर्फ पडायच्या आधी. गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पेट्या असतात, त्यातलं मीठ कुणीही फावड्याने काढून रस्त्यावर टाकावं. स्कॉटलंडमध्ये या ट्रकांना नावं आहेत, शाळकरी पोरं सुचवतात, आणि वादळाच्या रात्री कुठला ट्रक कुठे आहे ते नकाशावर दिसतं. माझा मुलगा झोपायच्या आधी ते बघतो.

२००९-१० च्या लांबलेल्या हिवाळ्यात मीठच संपत आलं होतं. त्यानंतर साठा किती ठेवायचा यावर समिती बसली.

नानाकाका
मी सैन्यात होतो, द्रास आणि त्या पट्ट्यात दोन हिवाळे काढले. तुम्हा मंडळींचे अनुभव वाचतो आहे. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो.

बर्फात माणूस थंडीने मरतो तसा धुरानेही मरतो. गाडी बर्फात रुतली, इंजिन चालू, काचा बंद, हीटर सुरू. बाहेर बर्फ साचून धुराची नळी बुजते आणि वायू आत येतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोप आल्यासारखं वाटतं आणि संपलं. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरीला पर्यटकांच्या गाड्या रात्रभर अडकल्या, वीसहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा घात याच वायूने केला असावा असं समोर आलं. म्हणून इंजिन तासाला दहा मिनिटं, त्याआधी उतरून नळी मोकळी करायची, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची काच बोटभर उघडी. आमच्या बंकरमध्ये बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, पेटवली की एक जवान जागा राहत असे. हा नियम मोडलेला मी पाहिला नाही.

काश्मिरी माणसाकडून शिकण्यासारखं खूप आहे. तिथे डिसेंबरच्या २१ तारखेपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, थंडीचा खरा कडाका. त्याच्या आधीच घरात वांगी, दुधी, टोमॅटो वाळवून ठेवलेले. फेरनच्या, म्हणजे लांब सैल अंगरख्याच्या, आत कांगडी, निखाऱ्यांची छोटी टोपली. रस्ता आठ दिवस बंद राहिला तर चूल थांबत नाही. पण तेच काश्मीर नोव्हेंबर २०१८ आणि २०१९ ला अवेळी बर्फाने हादरलं. सफरचंदाच्या झाडांवर पानं होती, काही ठिकाणी फळंही. पानांवर बर्फ साचला आणि फांद्या कडाकड मोडल्या. जानेवारीत त्याच झाडाला तेवढ्याच बर्फाने काही झालं नसतं.

चांदणवेल
नानाकाका, त्या रात्री मी इंजिन चालू ठेवूनच बसले होते. नळीकडे एकदाही पाहिलं नाही. तुमचं वाचून अंगावर काटा आला. हे मी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर पाठवू का?

नानाकाका
पाठव ना बेटा. विचारायचं काय त्यात.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या नागपुरात काल ४४ होतं तेव्हा कूलरसमोर बसून हा धागा वाचायला घेतला होता असं लिहायला आलो असतो, पण आत्ता जानेवारी आहे आणि सकाळी १० अंशाला आम्ही शेकोटी करून बसलोय. तुम्ही सगळे वाघ आहात.

अवांतर : महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ दव गोठलं की पेपरात पहिल्या पानावर फोटो. गाडीच्या टपावरचे हिमकण बघायला आम्ही एकदा पहाटे चारला उठून गेलो होतो. नखाने खरवडून पोरीच्या तळहातावर ठेवले, मूठ मिटेपर्यंत पाणी.

केवडा
माद्रिद, जानेवारी २०२१. मी तेव्हा तिथे शिकत होते. फिलोमेना वादळ. शहरात अर्धा मीटर बर्फ, पन्नास वर्षांत असा पडला नव्हता. पहिल्या दिवशी जत्राच. ग्रान व्हियावर लोक स्कीइंग करत होते, शेजारची पोरं ओव्हनच्या ट्रेवर बसून उतारावरून घसरत होती. दुसऱ्या दिवसापासून तो बर्फ गोठून दगड झाला. फावडी कुणाकडेच नव्हती. आमच्या इमारतीचं दार आम्ही केराच्या सुपलीने आणि कढईने मोकळं केलं. फुटपाथवर पाय टाकायची सोय नाही, हाडं मोडलेल्या लोकांनी इस्पितळं भरली.

मला कायम आठवतील ते जीपवाले. चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या असणारे लोक आपणहून पुढे आले. फोनवर गट केले आणि डॉक्टर, नर्स, डायलिसिसचे रुग्ण यांची ने-आण केली. कोविडचे दिवस, इस्पितळातली माणसं तीन-तीन पाळ्या सलग करत होती, कारण बदलीचा माणूस पोचू शकत नव्हता.

आणि झाडं. सदाहरित झाडं, नानाकाकांच्या सफरचंदांसारखीच, पानांवरचं ओझं पेलेना. रात्री खोलीत झोपले असताना फांद्या मोडल्याचे आवाज ऐकू यायचे. रेतिरो बाग कित्येक दिवस बंद होती.

शिशिर_तोक्यो
जपानची एक खास गोष्ट. नीगाता प्रांतात नागाओकाला मी दोन वर्षं होतो. तिथे रस्त्याच्या मधोमध पाइप पुरलेला असतो, त्याला भोकं. बर्फ पडू लागला की जमिनीखालचं पाणी वर उपसून त्या भोकांतून रस्त्यावर सोडतात. भूजल साधारण १३ अंशांचं, तेवढं बर्फ वितळवायला पुरतं. रस्ते गंजासारखे तांबडे झालेले, कारण पाण्यात लोह आहे. पण उपसा इतका झाला की काही ठिकाणी जमीन खचली, म्हणून आता सेन्सर लावून मोजकंच पाणी सोडतात. पायात गमबूट नसतील तर मोजे भिजलेच.

हे सवयीच्या जागी. त्याच जपानात फेब्रुवारी २०१४ ला कोफू शहरात ११४ सेंटिमीटर पडला. त्याआधीचा तिथला उच्चांक ४९. दुपटीहून जास्त! वाहनतळांची छपरं, द्राक्षांचे मांडव आडवे झाले, गावं कित्येक दिवस तुटली. म्हणजे देश तयार आहे असं म्हणून चालत नाही. गाव तयार आहे का, ते बघावं लागतं.

रानवारा
@शिशिर_तोक्यो, अगदी. कॅनडातही टोरांटोने जानेवारी १९९९ मध्ये बर्फ काढायला सैन्य बोलावलं होतं. बाकीचा देश अजून चिडवतो. मी चिडवत नाही. त्या महिन्यात तिथे खरंच सव्वा मीटरच्या आसपास पडला होता, आणि टाकायला जागाच उरली नव्हती.

जास्वंद
सगळे मीठ मीठ म्हणताहेत म्हणून लिहिते. मी सिअ‍ॅटलला. डिसेंबर २००८ मध्ये शहराने मीठ टाकायचं नाही असं ठरवलं होतं, कारण ते वाहून खाडीत जातं. त्याऐवजी वाळू. रस्त्यांवर बर्फ दाबून बसला, आमची टेकडी दहा दिवस बंद. लोक इतके चिडले की पुढच्या ऑगस्टमध्ये महापौर निकल्स प्राथमिक फेरीतच हरले. शिकागोचे महापौर बिलँडिकही १९७९ च्या बर्फानंतर असेच गेले होते.

माझं मत मात्र वेगळं आहे, पटलं नाही तरी ऐका. मीठ एकदा पाण्यात गेलं की निघत नाही. ओढ्यातल्या माशांना, विहिरींना, पुलांच्या सळ्यांना त्याची किंमत पडते. आणि पारा उणे दहाच्या खाली गेला की साध्या मिठाचा फारसा उपयोगही नाही. तीन दिवस घरी बसणं स्वस्त आहे.

घाटमाथा
@जास्वंद, घरी बसणं ज्याला परवडतं त्याला स्वस्त. गोदामात तासावर काम करणाऱ्याला तीन दिवस म्हणजे आठवड्याचा किराणा. आणि डायलिसिसवाल्याने काय करायचं? केवडाने लिहिलंय बघा.

जास्वंद
हो, हे बरोबर आहे. मी माझ्या ऑफिसच्या खुर्चीतून लिहिलं. निदान इस्पितळाकडे जाणारे रस्ते आणि चढ यांच्यासाठी मीठ हवंच. बाकी गल्ल्यांना वाळू चालेल, असं म्हणते.

पिंपळपान
आणि मीठ टाकण्याची वेळ चुकली तर तेही वाया. जानेवारी २०२२ ला अमेरिकेत व्हर्जिनियात आय-९५ महामार्गावर माणसं चोवीस तासांहून जास्त अडकली, त्यात एक सिनेटरही होते. तिथे आधी मिठाचं पाणी मारलं नव्हतं, कारण सुरुवात पावसाने होणार होती आणि ते धुऊन गेलं असतं. मग पावसाचा बर्फ इतक्या वेगाने झाला की ट्रक आडवे. कुणाचा दोष काढणार?

ठाणेकर
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? तयारी ठेवावी ती किती?

चांदणवेल
हो, मीच विचारलं होतं, तर मला आता काय वाटतं ते लिहिते.

२०१४ च्या त्या घटनेनंतर दोनच आठवड्यांनी, फेब्रुवारीत, अटलांटात पुन्हा वादळ आलं, यावेळी बर्फाबरोबर गोठणारा पाऊस. यंत्रं काही दोन आठवड्यांत आली नव्हती. पण शाळा आदल्या दिवशीच बंद केल्या, कचेऱ्याही. मी खिडकीतून बघत होते, आमच्या समोरचा सहापदरी रस्ता पूर्ण रिकामा. मिठाचे ट्रक सुसाट जात होते, कारण त्यांना अडवायला कुणी नव्हतं. म्हणजे ठाणेकर आणि घाटमाथा, तुमचं दोघांचंही खरं ठरलं. रस्ता मोकळा असेल तरच मीठ पडतं.

पुढच्या काही वर्षांत राज्याने मिठाचं पाणी बनवायच्या टाक्या उभारल्या. महागड्या यंत्रांचा ताफा नाही घेतला, आणि मला ते योग्यच वाटतं. पाच वर्षांतून एकदा लागणाऱ्या, बर्फ ढकलायच्या नांगरापेक्षा आदल्या संध्याकाळी घेतलेला सुट्टीचा निर्णय जास्त गाड्या वाचवतो. सुट्टी दिली आणि बर्फ पडलाच नाही तर लोक शिव्या देतात, ते सोसायची तयारी मात्र हवी. आमच्याकडे परवा असंच झालं, नुसता पाऊस पडून गेला, आणि सगळीकडे कुरकुर. मी शाळेला मेल लिहून आभार मानले.

घाटमाथा
मेल लिहिलीत हे फार चांगलं केलंत. मीही लिहीन. फक्त रोजंदारीवाल्यांचा त्या दिवसाचा पगार कोण देणार, हे कुठल्याच देशाच्या अनुभवात आलं नाही अजून. कुणाला माहीत असेल तर लिहा.

बोरकूट
@घाटमाथा, आमच्या न्यू ऑर्लिन्सला जानेवारी २०२५ मध्ये, २१ तारखेला, आठ इंच पडला. खरंच आठ इंच! तेव्हा ऐकीव माहितीवर नळ चालू ठेवले होते. आज रात्री परत शून्याखाली जाणार आहे. घरात दोन न्हाणीघरं आणि स्वयंपाकघर. सगळे नळ ठेवू की एक पुरे?

घाटमाथा
स्वयंपाकघराचा सिंक बाहेरच्या भिंतीला आहे का?

बोरकूट
हो. उत्तरेकडच्या.

घाटमाथा
मग तो नक्की, गरम-गार दोन्ही बाजूंनी. न्हाणीघरांतला सगळ्यात लांबचा एक. बागेतल्या नळाची नळी काढून ठेव आणि त्याला जुना टॉवेल गुंडाळून वरून प्लास्टिकची पिशवी बांध. कॉक सापडला का?

बोरकूट
सापडला. गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या मागे. लाल रिबन बांधून ठेवली आहे.